मूळ पावती

‘तेरीज’, म्हणजे नावे आणि जमा या दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळतात का ते पाहायचा तक्ता, हा शब्द मी ‘ट्रायल बॅलन्स’च्या कितीतरी आधी शिकले. बाबा ठाण्याला जांभळी नाक्यावर एका घाऊक धान्याच्या पेढीवर दिवाणजी होते. आम्ही चरईत राहायचो, म्हणजे दुकान घरापासून पायी दहा मिनिटांवर. तरी महिनाअखेरीला बाबांना घरी यायला रात्रीचे दहा वाजायचे. हातपाय धुऊन पाटावर बसले की आई आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची आणि मग विचारायची, “जुळली का?” जुळली असेल तर जेवताना गप्पा व्हायच्या. नसेल तर बाबा गप्प, आणि आम्हीही गप्प.

एकदा आई वैतागून म्हणाली, “अहो, फरक किती? दोनशे रुपये? आपल्या खिशातले घाला आणि मोकळे व्हा.” बाबांनी भात कालवता कालवता हात थांबवला. म्हणाले, “पैसे घातले तर चूक आत राहील ना. मग ती कायमचीच राहिली.”

लाल कापडी बांधणीच्या त्या चोपड्या मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. त्यांना खळीचा आणि किंचित हळदीचा वास असायचा, कारण पेढीवर हळदीची पोतीही असत. एक कीर्द, रोजच्या नोंदींची. एक खतावणी, त्याच नोंदी खात्यावार मांडलेली. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवीन वहीच्या पहिल्या पानावर बाबा ‘श्री’ काढायचे आणि त्या दिवशी मला दुकानात न्यायचे. आजोबांच्या वेळी हिशेब मोडीत लिहीत. आजोबांची एक जुनी टिपणवही बाबांनी जपून ठेवली होती. त्यातलं अक्षर मला कळायचं नाही, पण आकड्यांची रांग कळायची. नावे कुठे, जमा कुठे, एवढं त्या रांगेवरून ओळखता यायचं.

फरक शोधायची एक युक्ती बाबांनी मला सहावीत असताना शिकवली होती. फरकाला नवाने भाग जातो का, ते आधी बघायचं. जात असेल तर बहुतेक कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते. १,८६३ लिहायचे तिथे १,६८३ लिहिले गेले की फरक येतो १८०, आणि १८०ला नवाने बरोबर भाग जातो. नवाने जात नसेल तर फरकाचा अर्धा करायचा आणि त्या रकमेची नोंद शोधायची, कारण नावेची रक्कम चुकून जमेला गेली की फरक दुप्पट होतो. सहावीतल्या मुलीला ही जादू वाटली. जादू नाही हे पुढे कळलं, पण त्यातला आनंद आजही तसाच आहे.

२०१३ मध्ये बीकॉमचा निकाल लागला आणि घरात ‘पुढे काय’ हा विषय सुरू झाला. काका म्हणाले, एमबीए फायनान्स कर, पगार चांगला मिळतो. मावशी म्हणाली, बँकेच्या परीक्षा दे, मुलीला बरी नोकरी. कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटन्सी घेऊन एमकॉम कर, नेट-सेट दे आणि शिकवायला ये. वर्गातल्या अर्ध्या मुली सीएचा फॉर्म भरत होत्या. आदल्या वर्षीच एक सोय झाली होती, वाणिज्य शाखेच्या पदवीला ५५ टक्के असले की सीपीटी ही प्रवेश परीक्षा न देता थेट पुढच्या टप्प्याला नाव नोंदवता येत होतं. मला तेवढे टक्के होते.

मी दुरेघी वही घेतली आणि प्रत्येक अभ्यासक्रमाचं एक पान केलं. फी किती, वर्षं किती, नोकरी कुठे, निकाल किती टक्के लागतो. दोन रात्री त्या पानांवर बसले. काहीच जुळेना, कारण सगळे आकडे वेगवेगळ्या जातीचे होते. फीचे रुपये आणि आयुष्याची वर्षं एका रकान्यात कशी मांडायची?

बाबांनी ती वही शांतपणे वाचली, शेवटच्या पानापर्यंत. मग एकच विचारलं, “यातल्या प्रत्येकात तुला खरी वही कधी हातात मिळणार?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावलं. पुस्तकातलं उदाहरण सोडवायला मिळतं त्याला ते वही म्हणत नव्हते. कुणाची तरी खरी कीर्द, खऱ्या पावत्या, ज्यात चूक असेल तर खऱ्या माणसाचं नुकसान होईल, ती हातात कधी येणार? मी परत पानं चाळली. एमकॉमची दोन वर्षं, चार सेमिस्टर: बहुधा येणारच नाही. एमबीए: मधल्या उन्हाळ्यात दोन महिने. सीए: तेव्हाच्या नियमाप्रमाणे सुरुवातीची ट्रेनिंग झाली की लगेच, आणि मग सलग तीन वर्षं. निर्णय तिथेच झाला. मला आजही वाटतं की हिशेबाचं शिक्षण निवडताना याच्याइतका कामाचा दुसरा प्रश्न नाही, आणि तो कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

आर्टिकलशिपसाठी, म्हणजे सीएच्या हाताखालच्या त्या तीन वर्षांच्या उमेदवारीसाठी, दोन ठिकाणी गेले. एक मुंबईतली मोठी फर्म होती. काचेचं दार, पाण्याच्या बाटलीवर फर्मचं नाव. तिथल्या मॅनेजरनं सरळ सांगितलं की तुला बँकांच्या ऑडिटच्या टीममध्ये टाकू आणि तीन वर्षं तेच काम राहील. ते प्रामाणिक होते आणि तिथे शिकायला पुष्कळ मिळालं असतं. दुसरं ऑफिस नौपाड्यात, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. चार आर्टिकल, एक सर, आणि भिंतभर लोखंडी कपाटं. सरांनी माझी मार्कशीट पाहिली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, “इथे सगळं करावं लागेल. सोसायट्या, दुकानं, वागळे इस्टेटमधले कारखाने, दोन-तीन ट्रस्ट. पाऊस असला तरी जावं लागेल.” स्टायपेंड दोन्हीकडे बेताचाच होता. मी नौपाडा निवडलं.

मोठी फर्म की छोटी, हे मुलं आजही विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: आधी छोटी. मोठ्या फर्ममध्ये एका खोलीतलं काम फार बारकाईनं शिकता येतं, पण छोट्या ऑफिसात अख्खं घर दिसतं. दारातून आलेली पावती कीर्दीत कशी जाते, तिथून खतावणीत, तेरजेत, ताळेबंदात, आणि शेवटी त्याच्यावर सही करणारा माणूस कसा बसतो, हे सगळं एकाच टेबलावर बघायला मिळतं. ज्यांना पहिल्यापासून मोठ्या कंपन्यांचंच काम करायचं आहे त्यांनी माझं ऐकू नये. बाकीच्यांनी जरूर ऐकावं.

पहिले दोन महिने मी व्हाउचर, म्हणजे खर्चाची बिलं-पावत्या, टिक करत होते. हिरवं पेन, डाव्या हाताखाली गठ्ठा, उजवीकडे लेजर, म्हणजे खतावणी. बिलाची तारीख, रक्कम, कुणाच्या नावे, कमिटीची सही आहे का, पाच हजारांच्या वर असेल तर महसुली तिकीट लावून पावती घेतली आहे का. टोचणीला लावलेली बिलं काढताना मधोमध भोक पडलेलं असायचं आणि नेमका तिथलाच आकडा गेलेला असायचा. कंटाळा यायचा, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या महिन्याच्या शेवटी एक गोष्ट घडली आणि तो कंटाळा गेला तो गेलाच.

एका गृहनिर्माण सोसायटीचं ऑडिट होतं. जुनी, तीस-पस्तीस सदनिकांची. सिंकिंग फंडाचे पैसे सहकारी बँकेत मुदत ठेवीत होते. सोसायट्यांमध्ये हा निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या दर साल किमान पाव टक्का या हिशेबानं जमा होतो आणि इमारतीच्या मोठ्या कामासाठी राखून ठेवलेला असतो. सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय त्याला हात लावायचा नसतो. खजिनदारांनी फाइलमध्ये चार ठेवपावत्यांच्या झेरॉक्स लावल्या होत्या. रकमा जुळत होत्या, मुदतीच्या तारखा जुळत होत्या, व्याजही मी कॅल्क्युलेटरवर काढून पाहिलं, तेही जुळलं. मी चारही टिक केल्या.

संध्याकाळी सरांनी फाइल उघडली. त्या पानावर थांबले.

“मूळ पावती पाहिलीस?”

“सर, झेरॉक्स आहेत. रकमा जुळतात.”

“मी रकमेचं विचारलं नाही.”

दुसऱ्या दिवशी मी सोसायटीत गेले. खजिनदार काकांनी चहा दिला आणि मूळ पावत्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत म्हणाले. सरांनी सोसायटीच्या सहीनं बँकेला पत्र लिहायला लावलं की ठेवींची आणि त्यांच्यावरच्या बोज्याची माहिती थेट आमच्या पत्त्यावर पाठवा. आठ दिवसांनी उत्तर आलं. ठेवी चारही होत्या, पूर्ण रकमेच्या. पण त्यातल्या दोन तारण होत्या. लिफ्ट बंद पडली होती, चौथ्या मजल्यावर दोन आजारी माणसं होती, म्हणून कमिटीनं घाईनं त्या ठेवींवर ओव्हरड्राफ्ट घेतला होता. ठराव केला नव्हता आणि ओव्हरड्राफ्टची नोंद पुस्तकात ‘किरकोळ देणी’ म्हणून बसवली होती. मूळ पावत्यांवर बँकेचा शिक्का होता. झेरॉक्स त्याच्या आधीची होती.

कमिटीच्या बैठकीत अध्यक्ष चिडले. “आम्ही काय चोर आहोत का? लिफ्ट दुरुस्त केली, पैसा कुणी खाल्ला नाही.” सर अगदी हळू आवाजात म्हणाले, “नाही खाल्ला. म्हणूनच लिहून ठेवू. पुढच्या कमिटीला कळलं पाहिजे.” ताळेबंदाखाली टीप आली, अहवालात परिच्छेद आला, सभेत चर्चा झाली, ठराव झाला. ते खजिनदार काका पुढेही दर वर्षी फाइल घेऊन यायचे आणि मूळ पावत्या स्वतःहून माझ्यासमोर ओळीनं मांडायचे.

कमिटीच्या बैठकीच्या रात्री परत जाताना सरांनी मला सत्यम या आयटी कंपनीची गोष्ट सांगितली. ७ जानेवारी २००९ला कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतः पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रोकड आणि बँकशिल्लक प्रत्यक्षात नाहीच. म्हणजे वर्षानुवर्षं कागद जुळत होते. खोट्या ठेवपावत्या, खोटी बँक स्टेटमेंट, सगळ्या बेरजा बरोबर. राम मारुती रोडच्या कोपऱ्यावर उभं राहून सर म्हणाले, “तुझी सोसायटी लहान आहे. पण झेरॉक्सवर टिक करून तू जे केलंस ते तेच होतं.” मला रागावणं म्हणून ते बोलले नव्हते. आणि मला बाबांचं आठवलं, चूक आत राहील, मग ती कायमचीच राहिली.

बरोबरच्या मैत्रिणी वेगवेगळ्या वाटांनी गेल्या आणि कुणाचीच वाट वाया गेली नाही. एक एमबीए करून बँकेच्या कर्जविभागात आहे. एक एमकॉम, मग सेट करून शिकवते. तिच्या वर्गातल्या मुलांना ती खऱ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायला लावते, त्यामुळे ती ज्या कॉलेजात आहे तिथे एमकॉम करणं मी कुणालाही सुचवेन. मी स्वतःही आर्टिकलशिप चालू असताना सीएच्या संस्थेची परवानगी घेऊन दूरशिक्षणानं एमकॉम केलं. ऑफिसात नोंद कशी करायची ते कळत होतं, अशीच का करायची ते मला एमकॉमच्या पुस्तकांनी सांगितलं. दोन्ही लागतं.

तिसरी मैत्रीण मला सगळ्यात आवडणारं काम करते. तिनं सीएमए, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबाचा अभ्यासक्रम, केलं, ज्याला आमच्या लहानपणी आयसीडब्ल्यूए म्हणत. रोज सकाळी ठाण्याहून वाशीच्या गाडीनं रबाळ्याला उतरते आणि एका इंजिनीअरिंग कारखान्यात जाते. एकदा मी तिच्याबरोबर गेले होते. हेल्मेट घालून आम्ही शॉप फ्लोअरवर गेलो. लेथमधून लोखंडाचा भुगा पडत होता, तो एक मुलगा फावड्यानं ड्रममध्ये भरत होता आणि ती त्या ड्रमचं वजन वहीत लिहीत होती. म्हणाली, “आत गेलेलं पोलाद वजा बाहेर आलेला माल वजा हा भुगा. उरलेलं कुठे गेलं, तेवढंच मला शोधायचं.” तिच्यासाठी खरी वही म्हणजे तो ड्रम आहे.

सीएच्या परीक्षांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याबद्दल सगळेच लिहितात. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपची, म्हणजे पेपरांच्या एका गटाची, सरासरी ५०, हे दोन आकडे ज्यांनी ही परीक्षा दिली आहे त्यांच्या अंगात भिनलेले असतात. फायनलच्या एका ग्रुपला मला एका पेपरात ३८ मिळाले आणि अख्खा ग्रुप परत द्यावा लागला. त्या सहा महिन्यांत बाबा रोज पहाटे साडेचारला उठून माझ्यासाठी चहा टाकायचे आणि स्वतः पेपर वाचत समोर बसायचे. संस्थेच्या बोधचिन्हात गरुड आहे आणि कठोपनिषदातले शब्द आहेत, ‘य एष सुप्तेषु जागर्ति’, सगळे झोपलेले असताना जो जागा असतो तो. माझ्यापुरते ते बाबा होते.

मग जीएसटी आला. १ जुलै २०१७. आदल्या संध्याकाळी मी जांभळी नाक्याला बाबांच्या पेढीवर गेले होते, कारण जुन्या करातलं हातातल्या मालावरचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेल्या कराची वजावट, पुढे न्यायचं तर त्या दिवशीचा साठा नेमका माहीत हवा होता. पाऊस धो धो पडत होता. शेठनी शटर अर्धं ओढलं, दोन हमालांनी पोती मोजायला घेतली, बाबा मोठ्यानं आकडा सांगत होते आणि मी लॅपटॉपवर टाकत होते. सुटं धान्य करमुक्त, नोंदलेल्या ब्रँडच्या पाकिटातलं ५ टक्के, त्यामुळे एकाच तांदळाचे दोन ढीग वेगळे मोजावे लागले. रात्री साडेअकराला संगणकातला आकडा आणि बाबांच्या वहीतला आकडा समोरासमोर ठेवला. सत्तावीस पोत्यांचा फरक.

बाबा माझ्याकडे बघून हसले. मी म्हटलं, “नवाने भाग जातो.” मी एका ठिकाणी १४१ऐवजी ११४ टाकले होते.

आता सरांनी मला भागीदार करून घेतलं आहे. त्याच नौपाड्याच्या पहिल्या मजल्यावर माझं टेबल आहे. मी जो प्राप्तिकर कायदा शिकले तो १९६१चा, त्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा कायदा लागू आहे. ‘आकारणी वर्ष’ हा शब्द जाऊन ‘कर वर्ष’ आलं. कलमांचे आकडे परत पाठ करायचे. सीएचा अभ्यासक्रमही बदलला. २०२३च्या नव्या योजनेत आधी इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप पार करायचे, मग आर्टिकलशिप, आणि तीही तीनऐवजी दोन वर्षांची. अभ्यासाला वेळ मिळतो हे चांगलं आहे. पण खरी वही उशिरा हातात येते आणि लवकर सुटते, याची मला काळजी वाटते. म्हणून हल्ली मुलांनी विचारलं की मी सांगते, इंटरचा अभ्यास करत असतानाही आपल्याच इमारतीच्या खजिनदारांकडे जा, वर्षाची फाइल मागा, बसा.

गेल्या महिन्यात कळव्याहून एक मुलगा आला होता. बीकॉम झालेला, वडील रिक्षा चालवतात. एमकॉम, सीए, सीएमए, एका खासगी संस्थेचा महागडा डिप्लोमा, असं सगळं त्यानं मोबाइलमध्ये लिहून आणलं होतं. डिप्लोमाची फी बघून मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं, कर्ज काढून तर मुळीच नाही. मग त्यानं मनातलं विचारलं. “ताई, आता सगळं कॉम्प्युटरच करतो. एंट्री आपोआप, रिटर्न आपोआप. मग आम्हाला कोण ठेवणार?”

मी त्याला एका दुकानाची फाइल उघडून दाखवली. जीएसटीच्या पोर्टलवर खरेदीच्या बिलांची यादी खरंच आपोआप येते, मी हातानं काही भरत नाही. त्यातलं एक बिल होतं, कर भरलेला, क्रमांक बरोबर, यादीत दिसणारं. माल मात्र गोडाऊनला आलाच नव्हता, आणि माल मिळाल्याशिवाय त्या कराचं क्रेडिट घेता येत नाही. हे मला गोडाऊनच्या पावतीबुकातून कळलं, कार्बनच्या निळ्या प्रतीवरून. तो बराच वेळ त्या निळ्या प्रतीकडे बघत राहिला.

कुठला कोर्स ते मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, शनिवारी ये, एक फाइल देते, दिवसभर बस आणि मग ठरव.

शनिवारी सकाळी कळवा-ठाणे गाड्या उशिरानं होत्या, तो भिजून आला. मी त्याला एका सोसायटीचा व्हाउचरचा गठ्ठा, लेजर आणि हिरवं पेन दिलं. काय बघायचं ते दहा मिनिटं सांगितलं आणि माझ्या कामाला लागले. दुपारी त्यानं डबा खाल्ला तो त्याच टेबलावर, कागदांपासून लांब हात धरून. साडेपाचला बाकीची मुलं गेली. सातला मी दिवे बंद करायला उठले तरी तो तिथेच होता. गठ्ठा संपला होता, पण तो परत पहिल्यापासून नंबर बघत होता, बोटानं एकेक उलटत.

“झालं ना रे?” मी विचारलं.

“झालंय ताई,” तो म्हणाला, आणि मान वर न करता, “पण ४०नंतर एकदम ४२ आहे. ४१ कुठंय?”